शेतातल्या सेन्सरला स्वतःची जागा कशी कळावी?

पूर्णाकाठ

मंडळी, थोडी तांत्रिक मदत पाहिजे.

वसमतच्या बाजूला आमची हळद, सोयाबीन आणि थोडा ऊस आहे. मातीतली ओल मोजणारे सेन्सर खांबांवर लावलेत. असा एकेक खांब म्हणजे एक नोड. प्रत्येकाला एक बॅटरी आणि ८६५ मेगाहर्ट्झचा लोरा (लांब मजलेचा, कमी बॅटरी खाणारा) रेडिओ, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, सगळ्यांचे आकडे गोळा करणारा एक गेटवे. आकडे मोबाइलवर बरोबर येतात. अडचण वेगळीच आहे. कोळपणी आली, हळदीला भर लावायची वेळ आली, काढणी आली की खांब उपटून धुऱ्यावर जमा होतात. परत रोवताना गडी जिथं सोयीचं दिसेल तिथं रोवतो. मग स्क्रीनवर "नोड ७ : कोरडा" दिसतं, आणि हा ७ नंबर सध्या कुठल्या व्हॉल्व्हनं भिजणाऱ्या पट्ट्यात उभा आहे हे बघायला शेत तुडवावं लागतं.

ज्यांच्याकडून हे सगळं घेतलं ते म्हणतात, प्रत्येक नोडमध्ये जीपीएस टाकू, पैसे वाढतील आणि बॅटरी लवकर उतरेल. मी जरा वाचायला बसलो तर नोडनं आजूबाजूच्या नोडचे सिग्नल ऐकून आपली जागा आपणच काढायच्या बऱ्याच पद्धती सापडल्या. समीकरणं बघून डोकं गरगरलं. हे खरंच शेतात चालतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

धुरकरी

खांबाला ऑइल पेंटनं नंबर टाका, व्हॉल्व्हलाही तोच टाका. कामून एवढा कुटाणा करायलेत?

पूर्णाकाठ

नंबर आहेत की मालक. पण रोवणारे दर वेळी नवे असतात आणि मी दर वेळी शेतात नसतो. हळद काढायच्या गडबडीत नंबर कोण बघतंय?

अँटेनावाला

चांगला धागा. मी संभाजीनगरला पोरांना वायरलेस शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

सगळ्या पद्धतींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. थोड्या नोडना आपली जागा आधीपासून माहीत असते, त्यांना अँकर म्हणतात. बाकीचे नोड अँकरपासूनचं अंतर काढतात, नाहीतर दिशा, नाहीतर निदान आपण अँकरपासून किती उड्यांवर आहोत (निरोप नोड-नोड करत किती टप्प्यांत पोचतो) एवढं तरी. त्यावरून स्वतःचे निर्देशांक सोडवतात. सपाट रानात किमान तीन अँकर लागतात, उंचीही काढायची तर चार.

कागद-पेन घ्या. आखाड्याचा कोपरा (०, ०). दुसरा अँकर पूर्वेला (२००, ०), तिसरा उत्तरेला (०, १५०), सगळं मीटरमध्ये. आपल्या नोडला तिघांपासूनची अंतरं मिळाली: १००, १३४.२ आणि १२०.४. ह्यांचे वर्ग साधारण १००००, १८००० आणि १४५००. पहिल्यातून दुसरा वजा केला की वर्गाची पदं उडतात आणि उरतं ४०० क्ष − ४०००० = −८०००, म्हणजे क्ष ८०. पहिल्यातून तिसरा वजा केला की ३०० य − २२५०० = −४५००, म्हणजे य ६०. नोड (८०, ६०) वर उभा आहे. दहावीच्या गणिताच्या पुढं ह्यात काही नाही, तेव्हा समीकरणांना घाबरू नका.

खरी गोम आहे ती हे १००, १३४ आणणार कुठून ह्यात. सगळ्यात फुकट उपाय म्हणजे सिग्नलचा जोर, आरएसएसआय. प्रत्येक रेडिओ तो आपसूक सांगतो. तो डेसिबल ह्या मापात मोजतात. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की जोर ६ डेसिबलनं पडतो. पिकात, जमिनीलगत तोच उतार ९ डेसिबल किंवा त्याहून जास्त होतो. तुमच्या रानात नेमका किती हे आधी मोजून ठरवावं लागतं, आणि पीक गुडघ्याएवढं होतं तेव्हा मोजलेला आकडा कमरेएवढं झाल्यावर लागू पडत नाही.

आता वरचंच गणित परत करा, फक्त पहिल्या अँकरचं अंतर १०० ऐवजी १२० धरा. उत्तर येतं (९१, ७४.७). नोड जागचा हलला नाही, पण नकाशावर १८ मीटर सरकला. आणि १०० चे १२० व्हायला सिग्नलमध्ये फरक किती लागतो? ९ डेसिबलच्या उतारानं जेमतेम अडीच डेसिबल. खांब थोडा कलला, पानावर दव पडलं, मधून बैलजोडी गेली, तरी एवढा फरक पडतो.

बिटबाइट

सर, मी नांदेडला शेवटच्या वर्षाला आहे, आमचा प्रोजेक्ट ह्यावरच चाललाय. जोर मोजायचाच नसेल तर डीव्ही-हॉप आहे ना? निकुलेस्कु आणि नाथ ह्यांनी २००१ च्या सुमारास मांडलेली. अँकर एक निरोप सोडतो, नोड तो पुढं पुढं ढकलत जातात आणि प्रत्येक ढकलण्याला एक उडी मोजतात. पहिल्या अँकरपासून दुसरा २४० मीटरवर, ४ उड्या. तिसरा ३०० मीटरवर, ५ उड्या. एकूण ५४० मीटर भागिले ९, म्हणजे सरासरी उडी ६० मीटरची. एखादा नोड पहिल्या अँकरपासून २ उड्यांवर असला तर अंतर १२० मीटर धरायचं. पुढं तेच तुमचं वजाबाकीचं गणित. जादा हार्डवेअर काहीच लागत नाही.

सिम्युलेशनमध्ये आमचं मस्त चाललंय.

अँटेनावाला

सिम्युलेशनमध्ये चालणारच, कारण तिथं तुम्ही चौकोनी मैदानात नोड सारखे पसरून टाकता. प्रत्यक्षात दोन ठिकाणी अडतं. रान एल आकाराचं असलं, मधे ओढा किंवा दाट ऊस असला, तर निरोप वळसा घालून जातो. उड्या वाढतात, सरळ अंतर मात्र तेवढंच राहतं. नोडला वाटतं आपण लांब आहोत.

दुसरी अडचण पूर्णाकाठ ह्यांच्यासाठी जास्त मोठी. त्यांचे नोड एकमेकांशी बोलतच नाहीत, सगळे थेट गेटवेशी बोलतात. लोराची मजल उघड्या रानात किलोमीटरच्या हिशेबात. सगळेच एका उडीवर, मग मोजणार काय? ऐकू आलेल्या अँकरांची सरासरी घ्यायची सेंट्रॉइड पद्धत वापरली तर आणखी गंमत: सगळ्यांना सगळे अँकर ऐकू येतात, त्यामुळे सगळे नोड नकाशावर एकाच बिंदूवर जाऊन बसतील. ह्या पद्धती कमी मजलेच्या, जाळं करून बोलणाऱ्या रेडिओसाठी आहेत, झिगबीसारख्या.

मुळात हे संशोधन ज्या काळात फुललं तेव्हाचं चित्र डोळ्यासमोर आणा. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात 'स्मार्ट डस्ट'वर, म्हणजे धुळीसारख्या बारीक सेन्सरवर, काम चाललं होतं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्वेंटीनाइन पाम्सला त्यांनी मानवरहित विमानातून सेन्सर रस्त्याकडेला टाकले आणि जाणाऱ्या गाड्या टिपल्या. विमानातून टाकलेला नोड कुठं पडला हे कुणालाच माहीत नसणार, म्हणून त्यानं आपलं आपण शोधायचं. जीपीएस तेव्हा महाग आणि बॅटरीखाऊ होतं. तुमचे खांब माणूस रोवतो. पेपर वाचताना हा फरक विसरू नका, नाहीतर २००१ ची अडचण सोडवण्यात २०० पानांचा रिपोर्ट जाईल.

बिटबाइट

सर, रिपोर्ट ऑलरेडी अर्धा लिहून झालाय :(

मोजणीदार

उदगीरहून. मी मोजणी खात्यातून निवृत्त. रेडिओतलं कळत नाही, पण अँकरबद्दल बोलायचा हक्क आहे.

अँकर कुठं ठोकता ह्यावर निम्मं काम आहे. वरच्या उदाहरणात तिघांचा काटकोन झाला म्हणून उत्तर छान आलं. लोक काय करतात, रस्त्याच्या कडेनं जायला सोपं म्हणून तिन्ही खुणा रस्त्यालगतच्या बांधावर मारतात. तिन्ही एका रेषेत आल्या की रेषेच्या अलीकडं आणि पलीकडं सारख्याच अंतरावर दोन उत्तरं निघतात. पलीकडं शेजाऱ्याचं रान असलं तर एक उत्तर खोडता येतं, पण तेवढ्यानं भागत नाही. रेषेजवळच्या नोडचं बांधापासूनचं अंतर जरा चुकीनंही भलतीकडं जातं. रानाचे लांबचे कोपरे धरा आणि सगळे नोड अँकरांच्या आत येतील असं बघा. बाहेरच्या नोडला चूक वाढतच जाते.

आमच्याकडून बीदर लांब नाही. तिथं १८१५ मध्ये भारताची त्रिकोणमितीय मोजणी करणाऱ्या लॅम्बटननं साखळीनं एक आधाररेषा मोजली होती. मद्रासपासून वर येणाऱ्या त्रिकोणांच्या साखळीचा हिशेब तपासायला. बाकी सगळं काम कोनांवर: एक बाजू नीट मोजली की पुढचे त्रिकोण नुसत्या कोनांवरून सोडवत जायचे. पण कोनातली बारीक चूक प्रत्येक त्रिकोणाबरोबर पुढं सरकते, म्हणून अधूनमधून जमिनीवर परत एक बाजू मोजून ताळा घ्यायचा. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला, पुढं त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टनं काम नेलं, आणि बीदरची रेषा १८४१ मध्ये परत मोजली गेली. तुमच्या नोडांनी एकमेकांवरून जागा काढत पुढं जायचं ठरवलं तर हेच होणार. शेवटच्या नोडपाशी सगळ्यांच्या चुका जमा. मधे ताळ्याला अँकर पाहिजे.

अँटेनावाला

काका, जबरदस्त. दिशा मोजायची पद्धत आमच्याकडंही आहे, एकापेक्षा जास्त अँटेना लावून. ब्लूटूथ ५.१ मध्ये २०१९ पासून आली. पण १ अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होते आणि अँटेना नीट जुळवाव्या लागतात. रानातल्या खांबावर मी लावणार नाही.

धुरकरी

जीपीएस म्हणे वेळ मोजतंय. मग ह्यांनी बी वेळच मोजावी की. जोर कमी-जास्त होतो, वेळ कशानं बदलंल?

अँटेनावाला

मालक, नेमकं बोललात. वेळ जोरापेक्षा कितीतरी भरवशाची. अडचण अशी की रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. स्वस्त नोडमधलं घड्याळ सेकंदाला २० मायक्रोसेकंद चुकू शकतं, आणि २० मायक्रोसेकंदांत लहर ६ किलोमीटर पुढं गेलेली असते. दोन नोडची घड्याळं जुळवून अंतर काढणं म्हणूनच बाद.

ह्यावर तोड आहे. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ठरलेल्या वेळानं ओ द्यायची, आणि पहिल्यानं आपल्याच घड्याळात जाण्या-येण्याचा वेळ मोजायचा. ठरलेला वेळ वजा, उरलेल्याचा निम्मा. घड्याळं जुळवायची भानगडच नाही. पण हाक नेमकी कधी पोचली हे ओळखायला सिग्नल धारदार लागतो, म्हणजे बँडविड्थ (सिग्नल व्यापतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) मोठी. अल्ट्रा-वाइडबँडमध्ये ती शेकडो मेगाहर्ट्झ असते, म्हणून १० सेंटिमीटरपर्यंत अचूकता येते, पण मजल उघड्यावर शंभरेक मीटर धरा, ओल्या पिकात त्याहून कमी. लोराची बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, म्हणजे वेळ मोजायच्या पट्टीवरची एक खूणच अंतरात अडीच किलोमीटरच्या आसपास. गणितानं बारीक करता येते, तरी दहा-पाच मीटरचा भरवसा धरू नका. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी एसएक्स१२८० ही लोराची चिप मुद्दाम अंतर मोजायची सोय घेऊन येते. प्रयोग करायचा तर बिटबाइट, ती बघा.

हरणी

लातूर. मी भूगोल शिकवते. वाचतेय, छान चाललंय.

धुरकरी दादांच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दोन वेगळ्या वेगाच्या लहरी एकदम सोडल्या तर घड्याळ जुळवायची गरजच पडत नाही. भूकंपमापनात आम्ही हेच शिकवतो: आधी पी लहर येते, मागून एस. दोघींच्या मधले सेकंद मोजून त्यांना साधारण ८ नं गुणलं की केंद्राचं अंतर किलोमीटरमध्ये. जवळच्या भूकंपांसाठी ठोकताळा म्हणून बरा आहे. किमान तीन भूकंपमापन केंद्रांवरून वर्तुळं काढली की भूकंपाची जागा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा नकाशा मी वर्गात काढायला लावते. आमच्याकडं हा धडा नुसता वाचून होत नाही, प्रत्येकाच्या घरात कुणीतरी ती पहाट पाहिलेली असते. फरक एवढाच की तिथं ऐकणाऱ्यांची जागा माहीत असते आणि आवाज करणाऱ्याची शोधायची असते.

विजेच्या इशाऱ्याचं 'दामिनी' अ‍ॅप ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांनी हेच वापरलंय. वीज पडली की तिची रेडिओ लहर वेगवेगळ्या गावच्या सेन्सरवर थोड्या थोड्या फरकानं पोचते, आणि त्या फरकावरून ती कुठं पडली ते काढतात. ते सेन्सर थोडके आणि घड्याळ जुळवलेले असतात, म्हणून जमतं.

अँटेनावाला

ताई, तुमच्या पी आणि एसचं नोडमधलं रूप म्हणजे रेडिओ आणि अल्ट्रासाउंड. एमआयटीची 'क्रिकेट' अशीच चालायची. रेडिओ लगेच पोचतो, आवाज मागून येतो, मधल्या मिलिसेकंदांवरून अंतर. खोलीत सेंटिमीटरमध्ये उत्तर येतं. शेतात मजल दहा-बारा मीटर, वर वारा, आणि आपल्याकडचं तापमान. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशाला आवाज सेकंदाला ३३९ मीटर जातो, मे महिन्यात दुपारी ४२ ला ३५७. दहा मीटरमागं अर्धा मीटर फरक नुसत्या उन्हानं. थर्मामीटर जोडून दुरुस्त करता येतो, पण तेवढ्या मजलेसाठी कोण करेल?

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. डोकं जरा जागेवर आलं. पण मग मी करू काय? जीपीएसच घालू का? बॅटरीचं काय?

अँटेनावाला

बॅटरीची भीती अर्धी खरी आहे. निओ-६एम हा जीपीएस मॉड्यूल धरू, तो उपग्रह शोधताना ४५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. सतत चालू ठेवला तर २६०० एमएएचचा सेल अडीच दिवसही पुरत नाही. पण सतत कशाला? खांब काय रोज चालतो? उघड्या आकाशाखाली थंड सुरुवातीपासून जागा धरायला अर्धा मिनिट लागतो. दोन मिनिटं दिली तरी दीड एमएएच. एक स्वस्त ॲक्सेलरोमीटर (हालचाल आणि कल ओळखणारी चिप) लावा: खांब आडवा होऊन परत उभा झाला की एकदा जीपीएस उठेल, जागा पाठवेल, झोपेल. हंगामात चार-पाचदा. बॅटरीला त्याचा पत्ताही लागणार नाही. विकणाऱ्यानं सतत चालू धरून हिशेब सांगितला असेल.

अडीच-तीन मीटरची चूक राहील. व्हॉल्व्हचा पट्टा त्याहून बराच मोठा असतो, तेव्हा चालेल. पट्ट्याच्या सीमेवरचा खांब कधीतरी शेजारी दिसेल, तेवढं सोसा.

मी मात्र ह्याहून साधं करेन. तुम्हाला अक्षांश-रेखांश नकोच आहेत, तुम्हाला व्हॉल्व्ह पाहिजे. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी, कमरेच्या उंचीवर एक ब्लूटूथ बीकन (आपली ओळख सतत सांगत राहणारा छोटा रेडिओ) बांधा. नोडमध्ये ब्लूटूथ असलेली चिप हवी, ती आता महाग नाही. खांब रोवला की नोडनं ऐकायचं आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा तो आपला व्हॉल्व्ह. जोरावरून अंतर काढायला गेलं की फसतं, पण 'ह्या दोघांत जवळचा कोण' हे त्याच जोरावरून बऱ्यापैकी कळतं, कारण दव-पीक-ऊन सगळ्यांना साधारण सारखंच बाधतं.

धुरकरी

म्हणजे व्हॉल्व्हला नंबरच टाकला की हो, पेंटच्या ऐवजी ब्लूटूथनं! 😄

अँटेनावाला

हो की. पण हा नंबर गड्याला वाचावा लागत नाही.

पूर्णाकाठ

हळद-सोयाबीनचं पटलं. उसाचं काय? उसाच्या मध्यावर जीपीएस धरत नाही नीट, आणि ब्लूटूथ दोन सऱ्यांपलीकडं जाईना.

अँटेनावाला

उसातल्या नोडला त्रास होणारच. पानात पाणी आणि २.४ गिगाहर्ट्झला पाणी आवडत नाही. दोन गोष्टी करा. ऊस लहान असताना, म्हणजे मोठी बांधणी झाल्याबरोबर जागा एकदा घेऊन ठेवा. नंतर तोडणीपर्यंत त्या खांबांना हात लागत नाही. आणि ज्यांची जागा मधेच काढायची आहे त्यांच्यासाठी ८६५ वरच तीन-चार अँकर उंच लावा. २०० मीटरच्या टप्प्यात लहरीला मधोमध साधारण ४ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, निदान त्यातली ६० टक्के तरी. मीटरभर उंचीच्या अँकरला निम्म्याहून जास्त लहर जमिनीत आणि पाल्यातच शिरते. अँकर उसाच्या शेंड्यावरून बघेल एवढा वर न्या. नोडची अँटेनाही जमेल तेवढी वर काढा.

उसात तीनऐवजी पाच अँकर ऐकले तर फायदा असा की उत्तर आल्यावर उलटा ताळा घेता येतो. काढलेल्या जागेवरून प्रत्येक अँकरचं अंतर परत काढा आणि मोजलेल्याशी ताडा. एकच अँकर फटकून वागत असेल तर त्याला सोडून परत सोडवा. सगळेच फटकून असतील तर ते उत्तर स्क्रीनवर दाखवूच नका, 'जागा कळली नाही' म्हणा.

धुरकरी

आन गड्यानं अँकरच उपटून दुसरीकडं लावला तर?

मोजणीदार

ह्याला आमच्याकडं हद्दीचा दगड सरकवणं म्हणायचे 😄

अँटेनावाला

अँकरांनी अधूनमधून एकमेकांचंही ऐकायचं. समजा तीन अँकर आहेत: आखाडा, विहीर, नाला. विहिरीचा हलवला तर आखाडा-विहीर आणि विहीर-नाला ही दोन्ही मापं बदलतात, आखाडा-नाला तसंच राहतं. म्हणजे विहिरीचाच हलला हे गेटवे सांगू शकतो. पण चार-पाच मीटर सरकवला तर जोरावरून कळणार नाही, पन्नासेक मीटर नेला तर कळेल. त्यापेक्षा एक अँकर विहिरीच्या कठड्याला आणि एक आखाड्याच्या भिंतीला खिळवा. नाल्याकडच्यासाठी लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये गाडा, अँटेना पाइपाच्या टोकाच्या वर काढा, पाइपाला चिकटून नको.

पूर्णाकाठ

पाइप किती खोल? आमची काळी माती आहे, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पावसात सगळं फुगतं.

मोजणीदार

निदान तीन फूट, आणि मुरूम लागला तर मुरमापर्यंत. खड्डा खाली रुंद, वर अरुंद करा, म्हणजे माती फुगली तरी काँक्रीट वर ढकललं जात नाही. पहिला पावसाळा गेला की पाइप ओळंब्यात आहे का बघा, आणि त्याची जागा तेव्हाच पक्की नोंदवा, आधी नाही.